‘हेल्मेट’ : एक शब्द, अनेक वस्तू – बर्फावर स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या शिरस्त्राणाची निवड

डोक्यावर घालावयाच्या वा ठेवावयाच्या वस्तूंना मराठीत नावांची वाण नाही. पागोटे, पगडी, फेटा, पटका, मुंडासे, रुमाल यांपैकी कोणतेही नाव घेतले तरी वस्त्राचा प्रकार, ते बांधण्याची रीत आणि प्रसंग यांचा थोडाफार बोध होतोच. तान्ह्या मुलाची कुंची वेगळी, टोपडे वेगळे आणि थंडीतील कानटोपी वेगळी. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडे या तालुक्यांच्या डोंगराळ प्रदेशात, वांगणीसारख्या खेड्यांच्या परिसरात, भातलावणीच्या वेळी डोके व पाठ पावसापासून झाकणारे कामट्यांचे व पानांचे इरले आणि हंडा किंवा मोळी डोक्यावर घेताना तिच्याखाली ठेवावयाची चुंबळ या दोन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरात आल्या आहेत. इरल्याची जागा आता पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, तरी शब्द सर्वांना परिचित आहे. दोन्ही वस्तू डोक्याशी संबंधित, दोन्ही रक्षणासाठीच. परंतु एक पावसापासून रक्षण करते, दुसरी ओझ्याच्या दाबापासून. इरले मागितले असता कोणी चुंबळ आणून देत नाही, कारण कशापासून रक्षण करावयाचे याचे उत्तर त्या त्या नावाच्या अर्थातच सामावलेले आहे.

‘हेल्मेट’ या शब्दाची स्थिती अशी नाही. मोटारसायकलस्वार, सायकलस्वार, क्रिकेटमधील फलंदाज, इमारतीवर काम करणारा मजूर, रोलर स्केटिंग करणारे मूल आणि बर्फावरील हॉकीचा खेळाडू या सर्वांच्या डोक्यावरील वस्तूंना मराठी बोलणारा मनुष्य एकाच शब्दाने संबोधतो. एरवी यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु मूल बर्फावर स्केटिंग शिकू लागते आणि पालक ‘एक हेल्मेट’ विकत घ्यावयास निघतात, त्या वेळी शब्दाच्या या व्यापकतेचा परिणाम थेट मुलाच्या डोक्यापर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष स्पष्ट करावयाचे असून, शब्द आणि वस्तू यांच्यातील संबंध त्या निवडीत कोठे साहाय्य करतो व कोठे आड येतो हेही पाहावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्थान

बर्फावरील स्केटिंग हा महाराष्ट्राच्या हवामानाचा खेळ नव्हे. भारतात सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासूनची आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो. देहरादूनची कृत्रिम बर्फाची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आली. तथापि महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही. पुणे, मुंबई आदी शहरांत रोलर स्केटिंग चांगले रुजलेले आहे, आणि चाकांवर तयार झालेली मुले पुढे पात्यांवर उभी राहतात. लेह येथे २०२४ व २०२५ मध्ये झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत बर्फावरील स्केटिंगमध्ये महाराष्ट्राचे खेळाडू उतरले होते. दुसरा वर्ग कॅनडा व अमेरिका येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा. तेथे पाचसहा वर्षांच्या मुलाने हिवाळ्यात स्केटिंगच्या वर्गास जाणे ही नित्याची गोष्ट असते. आईवडिलांनी मात्र स्वतः बर्फावर कधी पाऊल ठेवलेले नसते.

या दोन्ही वर्गांतील पालकांची अडचण एकच असते. ‘हेल्मेट’ म्हणजे काय याची त्यांच्या मनातील प्रतिमा दुसऱ्या एखाद्या क्रियेवरून घडलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत ती दुचाकीवरून, आणि रोलर स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या बाबतीत सायकलच्या हेल्मेटवरून.

२. शब्दाची घडण

इंग्रजीतील मूळ शब्द जर्मानिक कुळातील असून ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. त्याला जुन्या फ्रेंचमधील लघुत्वदर्शक प्रत्यय लागून आजचे रूप सिद्ध झाले. म्हणजे व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘लहान आच्छादन’ एवढाच होतो. संस्कृतातून आलेला ‘शिरस्त्राण’ हा शब्द याहून अधिक सांगतो. ‘त्राण’ म्हणजे रक्षण. त्यामुळे केवळ झाकणे हा नव्हे, तर वाचविणे हा हेतू त्यात स्पष्ट होतो. ‘जिरेटोप’ या शब्दातील पहिला घटक फार्सीतून आला असून त्याचा अर्थ चिलखत असा आहे. पागोट्याच्या आत लोखंडी टोप घालण्याच्या जुन्या रीतीत दिसणारी वस्तू आणि वाचविणारी वस्तू या दोन वेगळ्या असत, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

इंग्रजीत हा शब्द सामान्यतः एकटा येत नाही. त्यामागे खेळाचे वा वाहनाचे नाव लागते आणि त्यातून उपप्रकार वेगळे होतात. मराठीने उसना घेतला तो केवळ मूळ शब्द. त्यामागील विशेषणे बहुधा वाटेतच गळाली. उसन्या शब्दांच्या बाबतीत असा अनुभव पुष्कळदा येतो. शिवाय एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे, वर्गवाचक शब्द उच्चारला असता त्या वर्गातील सर्व वस्तू सारख्याच तत्परतेने डोळ्यांसमोर येत नाहीत. एक आदर्श नमुना प्रथम येतो. मराठी भाषकाच्या मनात ‘हेल्मेट’चा तो नमुना म्हणजे दुचाकीस्वाराचे जड, कान झाकणारे कवच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने आणि त्यावरील सार्वजनिक वादांनी ही प्रतिमा अधिकच पक्की केली आहे.

‘हेल्मेट’ म्हणावे की ‘शिरस्त्राण’ हा वाद मराठीत अधूनमधून उद्भवतो. येथे त्या वादाचा उपयोग नाही. दोन्ही शब्द सारखेच व्यापक आहेत. कोणता आघात, किती वेळा आणि डोक्याच्या कोणत्या भागावर, यांपैकी एकाचेही उत्तर त्यांपैकी कोणताही शब्द देत नाही. निवडीस आरंभ होतो तो याच तीन प्रश्नांपासून.

३. बर्फावरील पडण्याचे स्वरूप

सायकलवरून पडणारे मूल बहुधा पुढे किंवा बाजूला फेकले जाते. बर्फावर शिकाऊ मुलाचे पाय पुढे निसटतात आणि शरीर मागे कोसळते. हात टेकण्यास अवसर मिळत नाही. पार्श्वभाग, पाठ आणि डोक्याची मागील बाजू या क्रमाने आघात होतो. म्हणून सायकलच्या दृष्टीने कपाळाचा व माथ्याचा भाग जितका महत्त्वाचा, तितकाच बर्फावर कवटीचा मागचा, मानेच्या वरचा भाग महत्त्वाचा ठरतो. त्याखालोखाल कानशिलांचा क्रम लागतो.

वेगाचा हिशेबही उद्बोधक आहे. सहा वर्षांच्या मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर असते. १ मीटरवरून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचा जमिनीशी टेकतानाचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १६ किलोमीटर होतो. हा वेग मुलाच्या पुढे सरकण्याच्या वेगावर अवलंबून नाही. स्थिर उभे असताना पाय निसटले तरी डोके एवढ्याच वेगाने आदळू शकते. यावरून ‘अजून ते सावकाशच चालते, मग हेल्मेट कशाला?’ या शंकेचे निरसन होते. धोका गतीतून येतो तसाच उंचीतून आणि पृष्ठभागाच्या कठीणपणातून येतो. रिंकचा बर्फ काँक्रीटच्या थरावर गोठविलेला असतो आणि तो दबत नाही.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. सायकलवरून डोके आपटण्याचा प्रसंग क्वचित येतो. स्केटिंग शिकणारे मूल तासाभरात अनेकदा पडते, आणि त्यांपैकी काही वेळा हेल्मेट बर्फाला लागते. तात्पर्य, येथील आघात मध्यम तीव्रतेचा, मागून येणारा आणि पुनःपुन्हा होणारा असतो.

लहान मुलाच्या शरीराची प्रमाणेही विचारात घेतली पाहिजेत. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात हे प्रमाण सातव्या ते आठव्या हिश्शापर्यंत येते. म्हणजे लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान त्या मानाने दुर्बल असते. यासाठी हेल्मेटचे वजन हा गौण मुद्दा समजता येत नाही.

४. उपलब्ध प्रकार व त्यांचे गुणदोष

दुचाकीचे हेल्मेट. भारतात यासाठी आय. एस. ४१५१ हे मानक आहे. हे हेल्मेट रस्त्यावरील मोठ्या वेगाच्या आघातासाठी योजलेले असते. ते जड असते, कान झाकल्यामुळे शिक्षकाची सूचना नीट ऐकू येत नाही, आणि बाजूची दृष्टीही काहीशी मर्यादित होते. अनेक मुले वर्तुळाकार फिरत असलेल्या रिंकवर ऐकणे आणि बाजूस पाहणे हे स्वतःच एक संरक्षण असते. त्यामुळे हे हेल्मेट बर्फावर अयोग्य होय.

सायकलचे हेल्मेट. याच्या आतील मुख्य थर प्रसरित पॉलिस्टायरीनचा, म्हणजे बोलीभाषेत ज्याला थर्माकोल म्हणतात त्याच्या जातीचा असतो. आघात झाला की तो चिरडतो, आणि चिरडताना ऊर्जा शोषून घेतो. चिरडलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून जोराच्या एका आघातानंतर हे हेल्मेट टाकून द्यावयाचे असते. कवच अखंड दिसले तरी आतील थर निकामी झालेला असू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, १९९९ पासून लागू असलेल्या मानकानुसार हे हेल्मेट सपाट ऐरणीवर २ मीटर उंचीवरून, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ मीटर वेगाने पाडतात, आणि आतील कृत्रिम डोक्याचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ३०० पटींहून अधिक होऊ देत नाहीत. म्हणजे एका मोठ्या आघाताच्या बाबतीत ते बर्फावरही समर्थ आहे. त्याच्या उणिवा दोन. पुनरावृत्त आघात त्याला सोसत नाहीत, आणि त्याचे अनेक नमुने मागील बाजूस पुरेसे खाली येत नाहीत.

रोलर स्केटिंगचे हेल्मेट. ईएन १०७८ हे युरोपीय मानक सायकलस्वार, स्केटबोर्ड वापरणारे आणि रोलर स्केटिंग करणारे या तिघांसाठी एकत्र आहे. म्हणून महाराष्ट्रातील स्केटिंग वर्गात वापरले जाणारे हेल्मेट पुष्कळदा गुणधर्माने सायकलचेच असते. चाकांवर शिकलेले मूल बर्फावर जाताना तेच हेल्मेट घेऊन गेले, तर सायकलच्या हेल्मेटचे गुण आणि उणिवा दोन्ही त्याबरोबर जातात. शर्यतीसाठी बनविलेल्या लांबट व मोठ्या झरोक्यांच्या हेल्मेटांबाबत अधिक सावध राहावे लागते. बर्फावर दुसऱ्याच्या स्केटचे धारदार पाते ही स्वतंत्र भीती असते. याच कारणाने लघुमार्ग वेगस्केटिंगसाठी एएसटीएम एफ १८४९ हे निराळे मानक आहे, आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना या प्रकारात नियमित आकाराचे, पुढे काही न आलेले हेल्मेट मागते.

स्केटबोर्डचे हेल्मेट. एएसटीएम एफ १४९२ या मानकात एकाहून अधिक आघातांची अपेक्षा धरलेली आहे. गोलसर आकारामुळे हे हेल्मेट डोक्याची मागील बाजूही अधिक झाकते. मात्र आकार हा पुरावा नव्हे. बाहेरून असेच गोल दिसणारे, पण आतून केवळ सायकलच्या मानकाचे हेल्मेटही बाजारात मिळते. सायकल व स्केटबोर्ड अशी दोन्ही मानके एकाच वेळी पूर्ण करणारे हेल्मेट मिळाल्यास ते शिकाऊ मुलासाठी उत्तम पर्यायांपैकी एक समजावे.

बर्फावरील हॉकीचे हेल्मेट. याच्या आतील फोम दाबला जाऊन पुन्हा मूळ जाडीवर येतो, त्यामुळे वारंवार होणारे आघात तो सोसू शकतो. कॅनडाचे सीएसए झेड २६२.१, अमेरिकेचे एएसटीएम एफ १०४५ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १०२५६ ही त्याची मानके होत. चाचणीतील आघात सेकंदाला सुमारे ४.५ मीटर वेगाचा, म्हणजे साधारणतः १ मीटरवरून पडण्याएवढा असतो, आणि तो एकाच जागी पुनःपुन्हा करतात. मागे उल्लेखिलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पडण्याशी हा वेग जवळजवळ जुळतो. मागील बाजू व कानशिले नीट झाकली जातात, आणि पुढे जाळी बसविली असता दात व नाक यांचेही रक्षण होते. उणीव अशी की, एकाच फार मोठ्या आघातापुढे त्याची परीक्षा सायकलच्या हेल्मेटइतकी कठोर नसते.

कॅनडातील राष्ट्रीय संघटना ‘स्केट कॅनडा’ हिने १ जुलै २०११ पासून आपल्या प्राथमिक वर्गातील पाचव्या पायरीपर्यंतच्या शिकाऊंना सीएसए-मान्य हॉकी हेल्मेट सक्तीचे केले. ज्या देशात या खेळाची परंपरा दीर्घ आहे तेथे शिक्षणाच्या आरंभासाठी याच प्रकाराची निवड झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्कीचे हेल्मेट. ईएन १०७७ व एएसटीएम एफ २०४० ही याची मानके. ते उबदार असते व मागील भाग चांगला झाकते. परंतु बहुतेक नमुने एका मोठ्या आघातासाठीच असतात. घरात आधीपासून असेल व मापात बसत असेल तर निरुपयोगी म्हणता येणार नाही. नवीन घ्यावयाचे झाल्यास हॉकीचे अधिक श्रेयस्कर.

मऊ पट्टा. अलीकडे कपाळाभोवती बांधावयाचा फोमयुक्त पट्टा कलात्मक स्केटिंग करणाऱ्यांत दिसतो. शोभेच्या दृष्टीने तो आवडतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा. परंतु तो माथा उघडा ठेवतो, आणि त्याला हेल्मेटचा पर्याय मानणे शिकाऊ मुलाच्या बाबतीत योग्य ठरत नाही.

५. ‘प्रमाणित’ या शब्दाचा कर्ता

विक्रीच्या भाषेत ‘प्रमाणित’, ‘मान्यताप्राप्त’, ‘चाचणी केलेले’ हे शब्द सर्रास येतात. व्याकरणदृष्ट्या ‘प्रमाणित’ व ‘केलेले’ ही कर्मणी अर्थाची धातुसाधिते असून ‘मान्यताप्राप्त’ हा समास आहे. पण तिघांनाही कर्त्यावाचून वाक्यात उभे राहता येते, हे त्यांचे समान वैशिष्ट्य. कोणी प्रमाणित केले, कोणत्या मानकानुसार केले आणि कोणत्या क्रियेसाठी केले, ही तिन्ही स्थाने रिकामी राहिली तरी वाक्य शुद्धच असते. व्याकरणाने चालवून घेतलेली ही रिकामी स्थाने ग्राहकाने मात्र चालवून घेता कामा नयेत.

उदाहरणार्थ, भारतीय मानक चिन्ह असलेले दुचाकीचे हेल्मेट ‘प्रमाणित’ असते यात संशय नाही. पण ते मोटारसायकलसाठी. ते चिन्ह बर्फासंबंधी मौन पाळते. अमेरिकेतील सायकलच्या हेल्मेटावर उत्पादक स्वतःच मानकाशी अनुरूपता जाहीर करतो, तर हॉकीच्या हेल्मेटावरील एचईसीसी ही चिठ्ठी स्वतंत्र प्रमाणन मंडळाची असते. तिची मुदत निर्मितीपासून साडेसहा वर्षांची असते. मोठ्या भावंडाचे किंवा ओळखीच्यांकडून आलेले हेल्मेट घेताना ही तारीख अवश्य पाहावी. मराठी कुटुंबांत मुलांच्या वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची चांगली रीत आहे. हेल्मेट हा त्या रीतीला सावधपणे करावयाचा अपवाद होय, कारण पूर्वी त्यावर कोणता आघात झाला हे डोळ्यांना दिसत नाही.

मानकाचा निर्देश किती आवश्यक असतो याचे एक भारतीय उदाहरण बोधप्रद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीने नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या डोक्याला बसणारे स्वतःचे हेल्मेट आवश्यक ठरविले. मुलांसाठी भारतीय मानक निश्चित होईपर्यंत सायकलचे हेल्मेट चालेल असे म्हणताना नियमकर्त्यांनी अमेरिकी व युरोपीय मानकांचे क्रमांक स्पष्ट लिहिले. केवळ ‘चांगले हेल्मेट’ एवढे लिहून नियमाचे काम भागले नसते. पालकाचेही भागत नाही.

६. माप व बसविण्याची रीत

योग्य प्रकाराचे पण सैल हेल्मेट हे अयोग्य प्रकाराच्या हेल्मेटइतकेच फसवे असते. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ या विचाराने कपडे व पादत्राणे एक माप मोठी घेतली जातात. येथे तो हिशेब लागू पडत नाही. भुवयांच्या किंचित वरून डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती फीत गुंडाळून परिघ सेंटीमीटरमध्ये मोजावा आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावा.

हेल्मेट घातल्यावर त्याची पुढील कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटे असावी. मागे झुकलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते, आणि पुढे झुकलेले मागील भाग. सायकलच्या जातीच्या हेल्मेटात दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे जुळावेत. हनुवटीचा पट्टा बंद केल्यावर त्यात एखादे बोट मावावे, अधिक नाही. मग मुलाला मान जोराने हलवावयास सांगावे. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली, तर माप बरोबर. हेल्मेट कातडीवर घसरले, तर सैल.

रिंकवर थंडी असते, म्हणून आत जाड लोकरी टोपी किंवा कानटोपी घालण्याचा मोह होतो. त्यामुळे हेल्मेट वर उचलले जाते आणि पट्टा सैल पडतो. फार तर पातळ, सपाट अस्तराची टोपी चालेल, आणि तीही घालूनच माप घ्यावे. मुलींच्या केसांचा प्रश्न असाच. उंच बांधलेली पोनी किंवा अंबाडा हेल्मेटला मागून ढकलतो. केस मानेलगत सैल वेणीत बांधावेत आणि धातूच्या पिना व क्लिप काढून ठेवाव्यात. कवचावर मुलाचे नाव रंगविणे किंवा चिकटचित्रे लावणे टाळावे, कारण काही द्रावकांमुळे कवचाचे प्लॅस्टिक कमकुवत होते. नावाची कापडी पट्टी हनुवटीच्या पट्ट्यावर शिवता येते.

एक सावधगिरी रिंकच्या बाहेरची आहे. हेल्मेट घालून झोपाळा, घसरगुंडी किंवा चढण्याच्या शिड्यांवर खेळणाऱ्या मुलाचे हेल्मेट अडकून हनुवटीच्या पट्ट्याचा फास बसण्याचा धोका असतो. याच धोक्यासाठी युरोपात लहान मुलांकरिता ईएन १०८० हे आपोआप सुटणाऱ्या बकलाचे मानक आहे. स्केट काढण्याबरोबर हेल्मेटही काढावे, हा नियम मुलास प्रथमपासून लावावा.

७. रक्षणाची मर्यादा

‘शिरस्त्राण’ या शब्दातील ‘त्राण’ पूर्ण रक्षणाची अपेक्षा निर्माण करते. वास्तवात हेल्मेट कवटीचे भंग व मेंदूच्या गंभीर जखमा पुष्कळ कमी करते. मेंदूला बसणारा सौम्य हादरा मात्र ते निश्चितपणे टाळू शकत नाही. ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी १९४३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, डोक्याला एकाएकी मिळणारी परिभ्रमणगती मेंदूच्या इजेचे प्रमुख कारण असते. प्रचलित मानकांतील बहुतेक चाचण्या मात्र सरळ रेषेतील प्रवेगच मोजतात. परिभ्रमण कमी करण्यासाठी आतील थर किंचित सरकू देणारी ‘मिप्स’सारखी रचना स्वीडनमधील संशोधनातून पुढे आली. ती असल्यास चांगले. पण माप, आच्छादन आणि पुनरावृत्त आघात सोसण्याची क्षमता या तीन गोष्टींनंतर तिचा विचार करावा.

यास्तव डोके आपटल्यावर हेल्मेट होते म्हणून निश्चिंत राहू नये. मूल गोंधळलेले दिसले, डोके दुखते म्हणाले, ओकले, अवेळी गुंगू लागले किंवा तोल सावरू शकले नाही, तर त्याला त्या दिवशी पुन्हा बर्फावर जाऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. पहिला हादरा बरा होण्यापूर्वी बसलेला दुसरा हादरा अधिक घातक ठरू शकतो. ‘काही नाही, ऊठ’ हे धीर देणारे वाक्य गुडघा खरचटला असता योग्य असते; डोक्याच्या बाबतीत ते प्रथम पाहून मगच उच्चारावे. तसेच पडण्याचे शिक्षण, म्हणजे गुडघे वाकवून बाजूला टेकणे आणि हनुवटी छातीशी घेणे, हे पहिल्याच दिवसापासून दिले जावे. मागे पडताना डोके बर्फापर्यंत पोहोचू नये यासाठी हनुवटी आत घेण्याची सवय हा हेल्मेटच्या आधीचा बचाव होय.

८. उपसंहार

वरील विवेचनातून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे निघतो. शिकाऊ मुलासाठी बर्फावरील हॉकीचे, जाळी बसविता येणारे हेल्मेट प्रथम पसंतीचे. ते न मिळाल्यास अनेक आघातांच्या मानकाचे, मागील भाग झाकणारे स्केटबोर्डचे. तेही न मिळाल्यास नवीन, मापाचे सायकलचे. मात्र जोराच्या पहिल्या आघातानंतर ते बदलण्याची तयारी ठेवूनच. दुचाकीचे हेल्मेट कोणत्याही परिस्थितीत नाही.

भाषेच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, ‘हेल्मेट’ हा शब्द मराठीने पचविला असला तरी त्याचे पोटविभाग अद्याप रुळलेले नाहीत. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाल्यापासून परिभाषेचे पुष्कळ कार्य शासनव्यवहारासाठी व शास्त्रांसाठी झाले. बाजारात व क्रीडांगणावर लागणाऱ्या वस्तूंच्या नावांकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. नवा संस्कृत शब्द घडविण्याची येथे निकड नाही. ‘हॉकी-हेल्मेट’, ‘सायकल-हेल्मेट’, ‘स्केटबोर्ड-हेल्मेट’ अशी साधी सामासिक नावे दुकानाच्या पावतीवर, स्केटिंग वर्गाच्या सूचनापत्रात आणि घरातील बोलण्यात रूढ झाली, तरी काम पुष्कळ सोपे होईल. वर्गाच्या सूचनेत ‘हेल्मेट आणावे’ असे लिहिण्याऐवजी ‘हॉकी-हेल्मेट, अमुक मानकाचे, डोक्याच्या मापाचे’ असे लिहिले असता पालकाला दुकानात विचारावयाचे प्रश्न त्या सूचनेतच मिळतील. इरले आणि चुंबळ यांना वेगवेगळी नावे देणाऱ्या भाषेला एवढा भेद करणे अवघड जाऊ नये.